घरी शिकलेल्या मुलांसाठी महाविद्यालयीन शिष्यवृत्ती : पात्रता आणि पूर्वतयारी

वारणाकाठ

नमस्कार. आम्ही सांगली जिल्ह्यात राहतो. आमच्या मुलीने जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवी पूर्ण केली आणि त्यानंतरचे तिचे सगळे शिक्षण आम्ही घरीच चालवले आहे. ती आता चौदाव्या वर्षात आहे. गणित तिला मनापासून आवडते आणि जीवशास्त्राची तर तिला ओढच आहे. ओढ्याकाठच्या चतुरांच्या नोंदी तिने पावसाळ्यामागून पावसाळा एका वहीत ठेवल्या आहेत. तारीख, वेळ, पंखांवरच्या ठिपक्यांचे चित्र आणि शेजारी पाण्याची स्थिती असे त्या वहीचे स्वरूप आहे. ती वही पाहून जवळच्या महाविद्यालयातील प्राणिशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी तिला विज्ञान शाखेतच पाठवण्याचा सल्ला दिला.

आमची अडचण खर्चाची आहे. यजमानांचा लहानसा लेथ कारखाना आणि थोडी शेती मिळून वर्षाचे उत्पन्न साडेतीन लाखांच्या आसपास असते. आम्ही इतर मागास वर्गात मोडतो. शिष्यवृत्ती मिळाल्याशिवाय तिला बाहेरगावी ठेवून शिकवणे आम्हाला जड जाईल. नातेवाईक मात्र सतत सांगतात की ज्या मुलीने शाळेचे तोंड पाहिले नाही तिला शिष्यवृत्ती कोण देणार, आणि हे ऐकून मुलगी आता थोडी धास्तावली आहे.

दहावी-बारावीची परीक्षा तिने कोणत्या मंडळातून द्यावी, घरी शिकलेल्या विद्यार्थ्यांना कोणत्या शिष्यवृत्त्यांसाठी अर्ज करता येतो, आणि अर्जाची पडताळणी जर शाळेकडून होत असेल तर आमच्या बाबतीत ती कोण करणार, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे अशी विनंती आहे.

टेबलखुर्ची

नमस्कार ताई. मी एका अनुदानित महाविद्यालयाच्या कार्यालयात बरीच वर्षे शिष्यवृत्तीचे टेबल सांभाळले आहे, त्यामुळे तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण सगळी भीती तिथेच अडकलेली दिसते.

पदवीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज विद्यार्थी भरतो आणि त्याची पहिली पडताळणी तो ज्या महाविद्यालयात शिकत आहे ते महाविद्यालय करते. पूर्वीच्या शाळेकडे तो अर्ज जातच नाही. आमच्या टेबलावर फाईल आली की आम्ही बारावीची गुणपत्रिका कोणत्या मंडळाची आहे, ते मंडळ मान्यताप्राप्त आहे का, प्रवेश नियमित अभ्यासक्रमाला झाला आहे का, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा आहे का आणि आधारवरचे नाव गुणपत्रिकेशी जुळते का, एवढेच पाहत असू. मुलगी सहावी ते नववी कुठे बसून शिकली, असा रकाना त्या अर्जात नाही. म्हणून नातेवाइकांना निश्चिंतपणे सांगा की घरी शिकणे ही अपात्रता नाही. मुले अडतात ती कागद वेळेवर न जुळल्यामुळे, आणि ते जुळवायला तुमच्या हातात अजून पुरेशी वर्षे आहेत.

मंडळाविषयी. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, हे केंद्र सरकारचे मंडळ आहे. १९८९ मध्ये ते राष्ट्रीय मुक्त विद्यालय म्हणून स्थापन झाले आणि २००२ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. त्याची दहावी आणि बारावी इतर मंडळांच्या बरोबरीची धरली जाते. अभियांत्रिकी प्रवेशाच्या जेईई मेन परीक्षेच्या पात्रता परीक्षांच्या यादीत किमान पाच विषयांसह एनआयओएसची बारावी नावानिशी नमूद आहे. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेबाबत मुक्त विद्यालयाच्या मुलांवर दीर्घकाळ आडकाठी होती, परंतु राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ही भूमिका बदलली आणि मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्यताप्राप्त मुक्त विद्यालयांतून उत्तीर्ण झालेले विद्यार्थी नीटला पात्र असल्याचे स्पष्ट केले. जुने लेख वाचून कोणी तुम्हाला उलट सांगितले तर त्याकडे लक्ष देऊ नका.

आता शिष्यवृत्त्या. तुमच्या उत्पन्नात बसणारी पहिली योजना म्हणजे महाविद्यालयीन व विद्यापीठीय विद्यार्थ्यांसाठीची केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्ती, जी आता पीएम-यूएसपी या नावाखाली राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर दिसते. कौटुंबिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असावे लागते, पदवीची पहिली तीन वर्षे दरवर्षी १२,००० रुपये मिळतात आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी दरवर्षी २०,००० रुपये मिळतात. देशभरात दरवर्षी ८२,००० पर्यंत नवीन शिष्यवृत्त्या दिल्या जातात आणि त्यातील निम्म्या मुलींसाठी राखून ठेवलेल्या असतात. येथे पालकांचा हमखास एक गैरसमज होतो. अट ८० टक्के गुणांची नसून ८० पर्सेंटाइलची आहे, म्हणजे त्या मंडळातून त्या शाखेत उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांमध्ये आपली मुलगी वरच्या एक पंचमांशात असली पाहिजे. तुलना मंडळनिहाय होत असल्यामुळे अर्ज करण्याच्या वर्षी पोर्टलवर आपल्या मंडळाची सीमारेषा पाहूनच पुढे जावे. नूतनीकरणासाठी प्रत्येक वर्षी किमान ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते. घरी स्वतःच्या वेळेने शिकलेल्या मुलांना ही हजेरीची अट पहिल्या सत्रात जाणवते, तेव्हा मनाची तयारी आधीच करून घ्यावी.

याच योजनेतील आणखी एक अट घरी शिकणाऱ्या कुटुंबांनी विशेष लक्षात ठेवावी. दहावी-बारावी मुक्त विद्यालयातून केलेली चालते, परंतु पदवीचा अभ्यासक्रम मात्र नियमित असावा लागतो. पत्राद्वारे किंवा दूरशिक्षणाने घेतलेल्या पदवीला ही शिष्यवृत्ती मिळत नाही. मुलीने पदवीही घरूनच मुक्त विद्यापीठातून करायची असे ठरवले, तर तिचा खर्च कमी होईल हे खरे, पण या दाराने येणारा पैसाही बंद होईल.

दुसरा मार्ग महाराष्ट्र शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवरचा. व्यावसायिक अभ्यासक्रमाला केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून जागा मिळाली आणि उत्पन्न आठ लाखांच्या आत असले, तर इतर मागास वर्गातील मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांची संपूर्ण सवलत आहे. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला ती लागू नाही. मुलगी अभियांत्रिकी, औषधनिर्माण किंवा कृषी शाखेकडे वळणार असेल, तर तुमच्यासाठी आर्थिकदृष्ट्या सर्वांत वजनदार योजना हीच ठरेल, असे माझे मत आहे. तंत्रशिक्षणाकडे गेल्यास एआयसीटीईची, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची, प्रगती शिष्यवृत्तीही आहे. मान्यताप्राप्त संस्थेत पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेल्या आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील मुलीला निवड झाल्यास त्यातून वर्षाला ५०,००० रुपये मिळतात, आणि एका कुटुंबातील दोन मुलींपर्यंत तिचा लाभ घेता येतो. मात्र केंद्राची आणि राज्याची सवलत एकाच वेळी घेता येईल असे गृहीत धरू नका. पीएम-यूएसपीमध्ये तर दुसरी कोणतीही शिष्यवृत्ती किंवा शुल्कसवलत घेत नसल्याचे लिहून द्यावे लागते. त्या त्या वर्षी दोन्ही रकमा समोर ठेवून एकीची निवड करावी लागते.

शेवटी नावाविषयी, कारण सर्वांत जास्त अर्ज मी यामुळेच परत जाताना पाहिले आहेत. आपल्याकडे आडनाव आधी लिहिण्याची पद्धत आहे, आधारवर ते शेवटी असते, जन्मदाखल्यावर कधी फक्त बाळाचे पहिले नाव असते. मंडळाकडे नोंदणी करण्यापूर्वी आधार, जन्मदाखला आणि बँकेचे पासबुक ही तिन्ही समोर ठेवून एकच नाव, एकाच क्रमाने आणि एकाच स्पेलिंगने ठरवा. खाते मुलीच्या स्वतःच्या नावाचे आणि आधारशी जोडलेले असू द्या, कारण रक्कम थेट तिथेच जमा होते.

गणिताचाबाप

वरील प्रतिसाद अतिशय उपयुक्त आहे. माझा मुलगा सातवीपासून घरी शिकला, त्याने दोन्ही परीक्षा एनआयओएसमधून दिल्या आणि आता तो मूलभूत विज्ञानाचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम शिष्यवृत्तीवर करतो आहे. त्या अनुभवातून पालकाच्या बाजूच्या काही गोष्टी मांडतो.

एनआयओएसच्या दहावीला वयाची किमान अट १४ वर्षांची आहे आणि दहावी व बारावी यांच्यात दोन वर्षांचे अंतर राखावे लागते. म्हणून तुमची मुलगी चौदा पूर्ण झाल्यावर नोंदणी करून पंधराव्या-सोळाव्या वर्षी दहावी आणि सतराव्या-अठराव्या वर्षी बारावी देईल, आणि माझ्या मते हीच गती योग्य आहे. घरी शिकलेली हुशार मुले लवकर परीक्षा देऊन मोकळी होऊ पाहतात, परंतु नीटला त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षे पूर्ण असावी लागतात आणि केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या इन्स्पायर शिष्यवृत्तीची वयोमर्यादाही १७ ते २२ अशी आहे. घाई करून मिळवलेले वर्ष नंतर थांबण्यातच जाते.

बारावीसाठी इंग्रजी, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि जीवशास्त्र हे पाच विषय घ्यावेत. पाच विषयांची अट त्यातच पूर्ण होते आणि अभियांत्रिकी, वैद्यकीय व शुद्ध विज्ञान या तिन्ही वाटा खुल्या राहतात. एनआयओएस एकेक विषय वेगवेगळ्या सत्रांत देण्याची मुभा देते आणि अभ्यासाच्या दृष्टीने ती सोयीची आहे, परंतु शिष्यवृत्ती व प्रवेश परीक्षा डोळ्यांसमोर असतील तर पाचही विषय एकाच सत्रात द्यावेत असा माझा आग्रह राहील. बारावीचे वर्ष कोणते आणि पहिला प्रयत्न कोणता, असे प्रश्न मग कोणी विचारत नाही. परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा दोनदा होतात. त्याच वर्षी महाविद्यालयात जायचे असेल तर एप्रिलचे सत्र हे शेवटचे समजावे.

अभ्यासकेंद्र निवडताना फक्त अंतर पाहू नका. प्रात्यक्षिके त्याच केंद्रात होतात आणि स्वाध्यायांचे २० टक्के गुणही तेथेच तपासले जातात. आम्ही प्रवेशापूर्वी दोन केंद्रांच्या प्रयोगशाळा पाहून आलो. एकीकडे सूक्ष्मदर्शकांवर धुळीचा थर होता, तर दुसरीकडे बाई मुलांकडून कांद्याच्या पापुद्र्याच्या स्लाइड करून घेत होत्या आणि प्रत्येकाच्या वहीत त्या दिवसाची सही होती. निवड करायला आम्हाला एवढे पुरेसे झाले. केंद्र महाराष्ट्रातलेच घ्या. राज्याच्या कोट्यातील वैद्यकीय जागांसाठी दहावी आणि बारावी महाराष्ट्रातील संस्थेतून झालेली असावी लागते, आणि इतर प्रवेशांतही महाराष्ट्राचा विद्यार्थी म्हणून सिद्ध होणे त्यामुळे सोपे जाते.

निकालाबरोबर एनआयओएस स्थलांतर-नि-बदली प्रमाणपत्र देते. आपल्याकडील महाविद्यालये शाळा सोडल्याचा दाखला मागतात तेव्हा त्याच्या जागी हेच द्यायचे असते. एका महाविद्यालयाच्या खिडकीवर आम्हाला दाखला नाही म्हणून परत पाठवले गेले होते. नंतर प्राचार्यांनी ते प्रमाणपत्र वाचून त्याच दिवशी प्रवेश दिला. मूळ प्रत कोणालाही देण्यापूर्वी तिच्या साक्षांकित प्रती काढून ठेवा. राज्याबाहेरचे मंडळ म्हणून विद्यापीठ पात्रता प्रमाणपत्रही मागते, आणि त्याचा अर्ज महाविद्यालयामार्फतच होतो.

आता मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते सांगतो. मंडळाच्या टक्क्यांवर चालणाऱ्या शिष्यवृत्त्यांपेक्षा प्रवेश परीक्षेवर चालणाऱ्या शिष्यवृत्त्या घरी शिकलेल्या मुलांना अधिक अनुकूल असतात, कारण तेथे सर्वांना एकच प्रश्नपत्रिका असते आणि मागची शाळा कोणाच्याही नजरेत नसते. इन्स्पायर शिष्यवृत्ती मूलभूत विज्ञान शिकणाऱ्यांना वर्षाला ८०,००० रुपयांपर्यंत देते. त्यातील ६०,००० रोख आणि २०,००० उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी असतात. तिला बारावीत मंडळातील वरच्या एक टक्क्यात असणे हा एक मार्ग आहे, आणि जेईई किंवा नीटमध्ये पहिल्या १०,००० क्रमांकांत येणे हा दुसरा. दुसरा मार्ग कोणत्याही मंडळाच्या मुलाला सारखाच खुला आहे. नेस्ट या मूलभूत विज्ञानाच्या प्रवेश परीक्षेतून भुवनेश्वरच्या नायसर या राष्ट्रीय विज्ञान संस्थेत किंवा मुंबईच्या कलिना संकुलातील मूलभूत विज्ञान उत्कृष्टता केंद्रात प्रवेश मिळाला, तर अणुऊर्जा विभागाच्या दिशा योजनेतून वर्षाला ६०,००० रुपये आणि उन्हाळी प्रकल्पासाठी २०,००० रुपये मिळतात. त्यासाठी बारावीला ६० टक्के गुणांची अट आहे. चतुरांची वही लिहिणाऱ्या मुलीने या दोन संस्था आणि पुण्यातील आयसर ही केंद्र सरकारची विज्ञान संस्था यांचा विचार अवश्य करावा.

आयआयटीत प्रवेश मिळाला तर शुल्काची सवलत उत्पन्नावर ठरते. एक लाखाच्या आत उत्पन्न असल्यास शिक्षण शुल्क पूर्ण माफ होते, एक ते पाच लाखांत असल्यास दोन तृतीयांश माफ होते. तुमचे उत्पन्न दुसऱ्या गटात बसते.

सतरानंबर

मला एक वेगळी बाजू मांडायची आहे. वरील दोघांनी एनआयओएस जवळजवळ गृहीतच धरले आहे, परंतु ग्रामीण भागातल्या कुटुंबाने राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म आधी पाहावा, असे मला वाटते.

या फॉर्मने विद्यार्थी खासगीरीत्या दहावीला बसतो. अर्ज ऑनलाइन भरून नेमून दिलेल्या संपर्क केंद्राच्या शाळेत कागद जमा करायचे असतात, आणि परीक्षेच्या आदल्या वर्षी साधारण जुलै-ऑगस्टपासून त्याची मुदत सुरू होते. तुमच्या मुलीचा पाचवीचा शाळा सोडल्याचा दाखला येथे थेट कामाला येईल. तो जिल्हा परिषदेच्या शाळेतून अजून घेतला नसेल तर या आठवड्यातच घ्या. दहावी अशी करून अकरावीला जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात नियमित प्रवेश घेतला, तर पुढचा सारा कागदी प्रवास इतर मुलांसारखाच होतो. राज्य मंडळाची सीमारेषा, सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेचा अर्ज, जात पडताळणीचा प्रस्ताव, सगळे महाविद्यालयाच्या कार्यालयातून होते आणि प्रत्येक टेबलावर मुक्त विद्यालय म्हणजे काय हे समजावत बसावे लागत नाही.

यात घरी शिकण्याची शेवटची दोन वर्षे सोडावी लागतात, हे मला मान्य आहे. ज्या कुटुंबाने ही वाट विचारपूर्वक निवडली आहे त्यांना ते जड वाटेल. तरीही शिष्यवृत्तीवर ज्यांचे पुढचे शिक्षण अवलंबून आहे त्यांनी हा पर्याय तोलून पाहावा. प्रयोगशाळा रोज हाताशी येते हाही लाभ लहान नाही.

वारणाकाठ

तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. मुलीने हे सर्व प्रतिसाद स्वतः वाचले आणि नेस्टच्या जुन्या प्रश्नपत्रिका शोधायलाही बसली. पाचवीचा दाखला आमच्याजवळ आहे. त्यावर जातीची नोंद आहे, परंतु जातीचे प्रमाणपत्र आम्ही अजून काढलेले नाही. कनिष्ठ महाविद्यालयात न जाता एनआयओएसमधून बारावी केली तर जात पडताळणी कशी होते? शिवाय काही वर्षांपूर्वी मुंबईची एक मुलगी दहावी-बारावीशिवाय अमेरिकेतील एमआयटीत शिष्यवृत्तीवर गेल्याचे वाचले होते. तो मार्ग खरोखर आहे का?

टेबलखुर्ची

जातीच्या प्रमाणपत्राचे काम आता सुरू करा, बारावीची वाट पाहू नका. इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या दिनांकापूर्वीचा पुरावा महत्त्वाचा धरला जातो, म्हणून मुलीचा दाखला असला तरी खरा आधार वडिलांचा, आजोबांचा किंवा चुलत आजोबांचा शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा हाच असतो. आजोबा ज्या गावच्या शाळेत शिकले तेथे अर्ज करून जनरल रजिस्टरचा उतारा मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्यासह मिळवा. जुन्या रजिस्टरांची पाने फाटत चालली आहेत, त्यामुळे हा कागद जितक्या लवकर हातात येईल तितका बरा. तो घेऊन सेतू केंद्रातून प्रांताधिकाऱ्यांकडे जातीच्या प्रमाणपत्राचा अर्ज होतो. त्याबरोबरच वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र काढून ठेवा. नॉन-क्रिमिलेअर, म्हणजे कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र, याची मुदत संपते, म्हणून ते प्रवेशाच्या वेळी चालू असेल अशा बेताने काढा.

पडताळणीच्या बाबतीत तुमची शंका रास्त आहे. बारावी विज्ञानाच्या मुलांचे प्रस्ताव त्यांच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या शिफारशीने जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे जातात आणि एनआयओएसच्या विद्यार्थ्याला तसे महाविद्यालय नसते. तुम्ही बारावीच्या नोंदणीनंतर लगेच समितीच्या कार्यालयात समक्ष जा, अभ्यासकेंद्राच्या प्रमुखांचे पत्र आणि प्रवेश परीक्षेचा अर्ज दाखवा, आणि शिफारस कोणाची लागेल ते त्यांच्याकडून लेखी मागून घ्या. कुटुंबात पितृकुळातील कोणाचे वैधता प्रमाणपत्र आधीच झाले असेल, उदाहरणार्थ मुलीच्या चुलत्यांचे, तर त्याची प्रत आणि वंशावळ जोडा. त्यामुळे काम पुष्कळ हलके होते. सतरानंबर यांच्या मताशी मी पूर्ण सहमत नाही, कारण एकट्या कागदांसाठी मुलीची शिकण्याची घडी मोडू नये असे मला वाटते, परंतु पडताळणीपुरता त्यांचा मुद्दा खरा आहे.

पैलतीर

मी अमेरिकेत न्यू जर्सीत राहते आणि आमच्या मराठी वर्तुळातील घरी शिकणाऱ्या मुलांना महाविद्यालयीन अर्जांत मदत करते, म्हणून एमआयटीविषयी लिहिते.

तुम्ही वाचलेली बातमी २०१६ मधील मालविका राज जोशी हिची आहे. ती आंतरराष्ट्रीय इन्फॉर्मेटिक्स ऑलिम्पियाडमध्ये तीन पदके मिळवून एमआयटीत गेली. दहावी-बारावीची प्रमाणपत्रे नसल्यामुळे आयआयटीचे दार तिला बंद होते. या बातमीतून अनेक पालकांनी असा अर्थ काढला की गुणवत्ता दाखवली की एमआयटी शिष्यवृत्ती देते. प्रत्यक्षात एमआयटी गुणवत्तेवर शिष्यवृत्ती देतच नाही. तेथील सर्व साहाय्य कुटुंबाच्या गरजेवर ठरते. आधी प्रवेशाचा निर्णय होतो, त्यात तुमची आर्थिक स्थिती पाहिली जात नाही, आणि प्रवेश मिळाल्यावर तुमच्या उत्पन्नाप्रमाणे लागेल तेवढी मदत दिली जाते. परदेशी विद्यार्थ्यांनाही हाच नियम लावणाऱ्या संस्था मोजक्याच आहेत. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि अॅमहर्स्ट ही त्यांतील परिचित नावे. साडेतीन लाखांच्या उत्पन्नाला तेथे जवळजवळ संपूर्ण खर्चाची मदत मिळू शकते, परंतु प्रवेश मिळणे अत्यंत कठीण असते, आणि केवळ त्याच्या भरवशावर बारावी टाळणे मला मुळीच पटणार नाही.

अमेरिकेतील घरी शिकणाऱ्या मुलांची व्यवस्था वेगळी आहे. तेथे सर्व ५० राज्यांत घरचे शिक्षण कायदेशीर आहे, आणि राज्याच्या कायद्याप्रमाणे घरी शिक्षण पूर्ण केलेल्या नागरिक मुलाला फाफ्सा हा अर्ज भरून संघीय साहाय्य मिळते. जॉर्जियासारखे राज्य तर घरी शिकलेल्या मुलाला महाविद्यालयातील पहिले ३० श्रेयांक (क्रेडिट) ४ पैकी ३.० सरासरीने पूर्ण केल्यावर होप शिष्यवृत्तीची मागची रक्कमही देते. हे सारे तेथील रहिवाशांसाठी आहे. भारतातून अर्ज करणाऱ्याला त्याचा लाभ नाही, म्हणून तसल्या याद्या वाचण्यात वेळ घालवू नये.

तरीही मुलीला पुढे अर्ज करावासा वाटला तर कॉमन अॅप या अनेक अमेरिकन महाविद्यालयांच्या सामाईक ऑनलाइन अर्जामध्ये घरी शिकलेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत समुपदेशकाचा भाग पालक भरतात. कोणता विषय कोणत्या पुस्तकांतून, किती खोलवर आणि कोणाकडून शिकला, हे त्यात लिहायचे असते. शिफारसपत्रे मात्र घराबाहेरच्या शिक्षकांची लागतात. ज्या प्राध्यापकांनी तिची वही पाहिली त्यांच्याकडे तिने महिन्यातून एखादा दिवस जरी काम केले, तरी चार वर्षांनी त्यांना तिच्याविषयी लिहिण्यासारखे पुष्कळ असेल. चतुरांच्या नोंदींना तारीख आणि ठिकाण आहे हे फार चांगले आहे. त्या नोंदी छायाचित्रांसह आयनॅचरलिस्टसारख्या खुल्या संकेतस्थळावरही टाकत राहिल्यास अभ्यासक त्यांची ओळख पटवून देतात, आणि भारतातल्या मुलाखतींतही ती नोंदवही दाखवता येते.

गणिताचाबाप

पैलतीर यांच्या शेवटच्या मुद्द्याला एक जोड देतो. देशातील काही खासगी विद्यापीठेही गरजेनुसार साहाय्य देतात. अझीम प्रेमजी विद्यापीठात जीवशास्त्राचा पदवी अभ्यासक्रम आहे, तेथे प्रवेश परीक्षा व मुलाखत होते आणि उत्पन्नानुसार शुल्कात आणि निवासखर्चात अंशतः किंवा पूर्ण सवलत मिळते. रिलायन्स फाउंडेशनची पदवी शिष्यवृत्ती बारावीला ६० टक्के आणि उत्पन्न पंधरा लाखांच्या आत असलेल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना अभियोग्यता चाचणीतून मिळते आणि संपूर्ण पदवीसाठी दोन लाखांपर्यंत रक्कम देते. पहिले वर्ष ओलांडल्यावर तिला अर्ज करता येत नाही, त्यामुळे प्रवेश झाल्याबरोबर तिची मुदत पाहून घ्यावी.

नेस्टच्या जुन्या प्रश्नपत्रिका त्यांच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. जीवशास्त्राचा भाग मुलीला आतापासून वाचायला द्यायला हरकत नाही. बरेच प्रश्न प्रयोगाची माहिती देऊन निष्कर्ष विचारणारे असतात, आणि निरीक्षणाची सवय असलेल्या मुलांना ते सोडवताना मजा येते.